हायवेवर समोर काही नसताना गाडी ‘ब्रेक मारा’ म्हणून ओरडते? आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

मी पुण्यात गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. गेल्या काही वर्षांत एक तक्रार सारखी यायला लागली आहे. रस्ता मोकळा असतो, गाडी शंभरच्या आसपास असते आणि अचानक डॅशबोर्डवर लाल गाडीचं चिन्ह येऊन जोरात बीप वाजतं. कधी सीटबेल्ट आवळला जातो, कधी गाडी स्वतःच ब्रेक लावते. मागून भरलेला ट्रेलर येत असेल तर तो एक क्षण फार वाईट असतो. अशा वेळी लोक दोनपैकी एक करतात. काही जण रडार आणि कॅमेऱ्यावर चालणारी ही टक्कर-वॉर्निंगची यंत्रणा कायमची बंद करून टाकतात, काही जण सगळं रडारच बदलायला निघतात. बहुतेक गाड्यांना या दोन्हींची गरज नसते.

आधी लक्षणं. यातलं तुमचं कोणतं ते ठरवा, कारण पुढची दिशा त्यावर अवलंबून आहे.

– ठरावीक जागीच वाजतं: लोखंडी कमान, बोगद्याचं तोंड, पुलाचा जोड, घाटातलं वळण.
– शेजारच्या लेनमधला ट्रक ओलांडताना, तो आपल्याच पुढे असल्यासारखं वाजतं.
– क्रूझ (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लावलं की गाडी विनाकारण वेग सोडते आणि परत पकडते.
– फक्त पावसात त्रास होतो, कोरड्यात गाडी ठीक असते.
– वाजत नाही, पण ‘समोरचं रडार उपलब्ध नाही’ असा संदेश आणि पिवळा दिवा येतो.
– बंपरचं डेंटिंग-पेंटिंग, काच बदलणं किंवा व्हील अलाइनमेंट झाल्यापासून सुरू झालं.
– कुठेही, कधीही, काही ताळमेळ नसताना वाजतं.

गाडी रांगत असताना, सिग्नलला किंवा पार्किंगमध्ये टिक-टिक वाजत असेल तर ते रडार नव्हे. ते बंपरमधले गोल पार्किंग सेन्सर. ते ध्वनिलहरींवर चालतात आणि शेजारी उभ्या बसचा एअर ब्रेक फुसकला तरी फसतात. हा लेख त्यांच्याबद्दल नाही.

रडारला काय दिसतं

लोगोच्या मागे किंवा बंपरच्या खालच्या जाळीत तळहाताएवढा चपटा डबा असतो. तो ७६ ते ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. परत आलेल्या लहरीवरून त्याला समोरच्या वस्तूचं अंतर कळतं, दिशा कळते आणि वेग तर फारच अचूक कळतो. वस्तू किती उंचीवर आहे हे मात्र बऱ्याच रडारना धड कळत नाही. त्यामुळे रस्त्यावर थांबलेला टेम्पो आणि रस्त्याच्या वरून गेलेली लोखंडी कमान त्याला जवळजवळ सारखीच दिसतात: समोर धातू आहे आणि आपण त्याच्याकडे चाललो आहोत. ‘ही कमान आहे, जाऊ दे’ हे ठरवायला बहुतेक गाड्यांत काचेवरचा कॅमेरा मदत करतो. रडार आणि कॅमेरा दोघांचं एकमत झालं की वॉर्निंग. म्हणून तक्रार रडारची असली तरी अर्ध्या वेळा मी आधी काच बघतो.

एक गैरसमज इथेच काढतो. ‘पोलिसांच्या स्पीड गनमुळे वाजतं’ असं अनेकजण सांगतात. हायवेवरच्या लेझर गन अवरक्त प्रकाशावर चालतात आणि रडार गनची वारंवारता आपल्या रडारपेक्षा बरीच खाली असते. टोलनाक्यावरचा फास्टॅग वाचणारा अँटेना तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे फारच लांब. नाक्यावर वाजतं ते खांब, केबिन आणि आडव्या दांड्यामुळे.

पहिली तपासणी: जागा लिहून ठेवा

पैसे शून्य, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. एक्सप्रेसवेवर कडेच्या किलोमीटरच्या पाट्या आहेतच. शेजारी बसलेल्याला सांगा: वाजलं की आकडा, लेन, वेग, पाऊस होता का आणि पुढे काय होतं एवढं वहीत लिहायचं. दोन-तीन फेऱ्यांनंतर चित्र स्पष्ट होतं.

तीन वेगवेगळ्या दिवशी त्याच कमानीखाली वाजलं तर दोष गाडीपेक्षा जागेचा. कामशेतच्या बोगद्यात लहरी भिंतींवरून आणि शेजारच्या गाड्यांवरून उलटसुलट परततात. बोरघाटात किंवा खंबाटकीच्या वळणावर गाडीचं नाक काही क्षण थेट कडेच्या लोखंडी कठड्याकडे असतं, त्यामुळे रडारला समोर धातूची भिंतच दिसते. चढाला लागताना नाक वर होतं आणि एरवी झोताच्या वर राहणारी पाटी झोतात येते. अशा जागी एखादी क्षणभराची वॉर्निंग येणं ही यंत्रणेची मर्यादा आहे, बिघाड नव्हे. त्यासाठी गाडी उघडू नका.

जागा बदलत असेल आणि वॉर्निंग येतच असेल तर पुढे चला.

पण त्याआधी वॉर्निंग खरंच खोटी होती का, हेही बघा. हडपसरचे एक काका रात्री सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे दोनदा वाजलं म्हणून चिडून आले होते. “दादा, समोर काहीच नव्हतं, मी डोळ्यांनी बघत होतो,” असं त्यांचं म्हणणं. गाडीत डॅशकॅम होता. चित्रीकरण हळू करून बघितलं तर दोन्ही वेळा पुढे उसाची ट्रॉली होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या बांड्यांखाली झाकलेले. काकांच्या डोळ्यांना ती दिसायच्या आधी रडारला ट्रॉलीचा सांगाडा दिसला होता. गळीत हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, या रस्त्यावर रात्री वाजलं तर आधी पाय ब्रेकवर, शंका नंतर. दुभाजक तोडून केलेल्या वाटेतून येणारी किंवा कडेने उलट्या दिशेने येणारी दुचाकी, हीसुद्धा खरीच वॉर्निंग.

दुसरी: गाडीचं तोंड मोकळं करा

दसरा झाला की त्यापुढच्या आठवड्यात माझ्याकडे या तक्रारीच्या गाड्या हमखास येतात. कारण झेंडूचा हार. लोगोवर किंवा जाळीवर बांधलेला ताजा हार म्हणजे रडारच्या दृष्टीने पाण्याचा पडदा, कारण फुलांत पाणीच जास्त आणि पाणी या लहरी शोषतं आणि परतही फिरवतं. वाऱ्याने हार हलत राहतो, म्हणजे डब्याच्या तोंडाशी सतत काहीतरी हलतंय. पूजा जरूर करा, हार बोनेटवर घाला, हायवेला लागण्याआधी रडारसमोरचा काढून घ्या. तारेत ओवलेली लिंबू-मिरची बंपरच्या मधोमध लटकत असेल तर ती बाजूला बांधा.

पावसाळ्यात लोणावळ्याकडे जाऊन आलेल्या गाडीच्या खालच्या जाळीत चिखल बसतो. कोरड्या धुळीने फारसा फरक पडत नाही, ओल्या चिखलाने पडतो. साधं पाणी, मऊ फडकं, बस. प्रेशरचा पाइप डब्याच्या अगदी जवळ धरू नका, मागच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. मुसळधार पावसात, ट्रकच्या चाकांमागच्या फवाऱ्यात रडार काही वेळ बंद पडलं आणि नंतर आपोआप सुरू झालं तर ते योग्यच आहे. नीट दिसत नाही हे त्याने कबूल केलं, इतकंच.

नंबरप्लेट वाकून रडारच्या खिडकीवर आली आहे का तेही बघा. पार्किंगमध्ये हलकासा धक्का बसला की असं होतं.

तिसरी: काच आणि फास्टॅग

आरशाच्या मागे, काचेला चिकटलेला कॅमेरा असतो. गाडीच्या बाहेर उभं राहून त्याच्या समोरचा काचेचा तुकडा बघा. वायपर तिथपर्यंत पोचतो का? पोचतो, पण तेलकट फराटे ओढतो का? वायपरचं रबर बदलायला फार खर्च येत नाही आणि पावसाळ्यातल्या किती तरी तक्रारी तेवढ्यावर मिटतात.

आता फास्टॅग. तो काचेच्या आतून, वरच्या बाजूला मधोमध लावायची पद्धत आहे, आणि नेमका तिथेच कॅमेरा असतो. घाईत लावलेला टॅग कॅमेऱ्याच्या दृष्टीचा कोपरा खातो. कॅमेऱ्याला लेनची एक पांढरी रेघ तिरकी किंवा अर्धवट दिसते, मग शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला आपल्या लेनमध्ये वाटतो. टॅग ओढून काढू नका. तो काढला की फाटून निकामी होईल असाच बनवलेला असतो. बँकेकडून बदली टॅग मागवा आणि तो कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर लावा. देवाचं स्टिकर, सोसायटीचा पास, डॅशकॅमची वायर यांनाही हाच नियम. कॅमेऱ्यासमोर काचेला तडा असेल तर मात्र पुसून उपयोग नाही, काच बदलावी लागते आणि त्यानंतर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा नेम नव्याने जुळवणं, अनिवार्य आहे.

चौथी: सेटिंग

स्क्रीनवरच्या मेनूत टक्कर-वॉर्निंगला बहुधा तीन पायऱ्या असतात: लवकर, मध्यम, उशिरा. सर्व्हिसिंगनंतर किंवा बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत ती कंपनीच्या मूळ सेटिंगवर परत जाते. आपल्याकडे ट्रकच्या मागे अगदी जवळ जाऊन मग लेन बदलायची सवय अनेकांना असते. ‘लवकर’वर ठेवलेली गाडी अशा प्रत्येक ओव्हरटेकला ओरडणारच. १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, तेव्हा तिचं म्हणणं चुकीचं नाही. मध्यमवर ठेवून आठवडाभर चालवा आणि लेन थोडी आधी बदला. ‘उशिरा’ मी कुणालाच सुचवत नाही.

पाचवी: वजन, हवा, चाकं

मेच्या सुट्टीत सात माणसं आणि डिकी गच्च भरून कोकणात निघालेली गाडी मागून बसते, नाक वर होतं आणि रडारही वर बघायला लागतं. हेडलाइटचा झोत समोरच्यांच्या डोळ्यांत जातो ना, तसंच. कमानी आणि पाट्या अचानक जास्त त्रास द्यायला लागल्या आणि हा त्रास फक्त भरलेल्या गाडीत होत असेल तर कारण हेच. मागच्या टायरमध्ये भरल्या गाडीसाठी लिहिलेली हवा भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. रिकामी गाडीही मागून बसलेली दिसत असेल तर मागच्या स्प्रिंग थकल्या आहेत.

कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर गाडीला स्वतःचा वेग चुकीचा कळतो. रडारचं सगळं गणित त्या वेगावर उभं असतं: समोरची वस्तू स्थिर आहे की चालती, हे ती स्वतःच्या वेगाशी ताडूनच ठरवते.

सहावी: स्टिअरिंग सरळ आहे का

हे कारण फार लोकांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्याकडे आलेल्या ‘काहीच सापडत नाही’ म्हणून फिरवलेल्या बऱ्याच गाड्या इथेच सुधारल्या आहेत.

आपण पुढे कुठे जाणार आहोत हे गाडी स्टिअरिंगच्या कोनावरून ठरवते. अलाइनमेंट बिघडल्यामुळे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थोडं डावीकडे धरावं लागत असेल, तर गाडीला वाटतं आपण सतत डावीकडे वळतोय. मग डाव्या लेनमधला संथ ट्रक तिला आपल्याच वाटेत दिसतो. म्हणूनच ‘फक्त डावीकडच्या ट्रकला वाजतं’ किंवा ‘फक्त उजवीकडच्या’ असं एकतर्फी लक्षण असलं की मी आधी सरळ, सपाट रस्त्यावर स्टिअरिंग बघतो. अलाइनमेंटला काही शे रुपये लागतात. करून घेताना एक प्रश्न आठवणीने विचारा: “स्टिअरिंग अँगल सेन्सरचा झिरो सेट केलात का?” बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून करावा लागतो. चाकं सरळ झाली आणि सेन्सर जुन्याच शून्यावर राहिला, तर अलाइनमेंटनंतरच त्रास सुरू होतो.

सातवी: बंपरवर काय काय झालंय

इथून खर्च वाढतो, म्हणून आधी नुसतं आठवा. गाडीला पुढून काही लागलं होतं का? नवीन काही बसवलं का?

जाळीवर चढवलेली क्रोमची पट्टी, जादा फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, लोखंडी गार्ड. रडारच्या समोर धातू नको, एवढं लक्षात ठेवा. लोखंडी क्रॅश गार्डवर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ मध्येच बंदीच्या कारवाईचे आदेश दिले आहेत, तो काढूनच टाका. ज्या गाड्यांत रडार लोगोमागे असतं, त्यांचा लोगो खास बनावटीचा असतो. चंदेरी दिसतो, पण लहर आरपार जावी अशा पद्धतीने बनवलेला असतो. शोभेसाठी बाजारातला काळा किंवा साध्या क्रोमचा लोगो बसवला की रडारच्या डोळ्यावर पट्टी बसते. मूळ लोगो परत लावा, दुसरं काही करावं लागत नाही.

रडार रंगवलेल्या बंपरच्या मागे असेल तर पेंटिंगचं काम जपून. कोथरूडच्या एका ताईंची गाडी बाहेरच्या एका गॅरेजात दुरुस्त झाली होती. फाटलेल्या बंपरला आतून प्लास्टिक वेल्डिंग, वर पुट्टी, त्यावर मेटॅलिक रंगाचे दोन हात. दिसायला काम उत्तम. पण लहर ४ मिलिमीटरची, प्लास्टिकमध्ये ती आणखी आखूड होते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या जादा थरानेही तिचा काही भाग आतल्या आत परततो आणि दिशा बदलते. मेटॅलिक रंगातले अॅल्युमिनिअमचे कण त्यात भर घालतात. ताईंना रोज बायपासवर वॉर्निंग येत होती आणि गॅरेजवाला रडार बदलायला सांगत होता. बंपर नवीन घातला, कंपनीच्या प्रमाणाएवढाच रंग मारला, कॅलिब्रेशन केलं. रडार जुनंच आहे आणि व्यवस्थित चालतंय. रडारसमोरच्या भागात पुट्टी नाही, वेल्डिंग नाही, स्टिकर नाही: बंपर दुरुस्तीला देताना हे बिलावर लिहून घ्या.

आठवी: स्कॅन आणि कॅलिब्रेशन

इथपर्यंत काही सापडलं नाही तर स्कॅनर लावून रडारच्या कंट्रोलरमधला कोड वाचावा लागतो. ‘अडथळा’, ‘कोन चुकला’ आणि ‘संपर्क तुटला’ या तीन कोडांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. संपर्क तुटला असेल तर पुण्यात आधी उंदीर आठवावा. सोसायटीत दोन-चार दिवस उभ्या गाडीच्या वायरी कुरतडलेल्या मी खूप बघितल्या आहेत. दुसरं कारण कनेक्टरमधला हिरवा गंज.

कोन चुकणं म्हणजे किती? रडार एका अंशाने फिरलं तर १०० मीटरवर त्याचा नेम पावणेदोन मीटरने हलतो. आपल्या हायवेची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे एका अंशात अर्धी लेन, दोन अंशांत पूर्ण लेन गेली. पार्किंगमध्ये खांबाला हलकं टेकलेल्या गाडीचा प्लास्टिकचा ब्रॅकेट एवढा सहज वाकतो, आणि बंपर मात्र फुगून पूर्ववत होतो, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. थोडासा फरक काही रडार चालता चालता स्वतःच भरून काढतात, त्यापुढे नाही.

कॅलिब्रेशनसाठी सपाट जमीन, पुढे मोकळी जागा, ठरावीक अंतरावर ठेवलेलं धातूचं लक्ष्य आणि कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. काही गाड्यांत ते चालवून करतात. माझ्या गॅरेजात तेवढी जागा नाही, म्हणून मी गाडी सर्व्हिस सेंटरला पाठवतो.

इथे थांबा

मोकळ्या रस्त्यावर गाडीने स्वतःहून जोरात ब्रेक लावला आणि असं एकापेक्षा जास्त वेळा झालं, तर वरचं काहीही करत बसू नका. सुरक्षित जागी थांबा, त्या प्रवासापुरता आपोआप ब्रेक आणि क्रूझ मेनूतून बंद करा, डाव्या लेनमधून बेताने जा आणि थेट अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा.

बंपर घरी उघडू नका. एअरबॅगचे टक्कर सेन्सर तिथेच जवळ असतात. रडारच्या ब्रॅकेटचे स्क्रू अंदाजाने फिरवू नका, एका अंशाचा हिशोब वर दिलाच आहे. एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) किंवा गाडी घसरू न देणाऱ्या स्थिरता-यंत्रणेचा दिवाही सोबत पेटला असेल तर प्रश्न रडारपुरता नाही. अपघातानंतर, काच बदलल्यावर किंवा पुढचा बंपर निघाल्यावर कॅलिब्रेशन करून घ्यायचंच, वॉर्निंग येवो वा न येवो. विम्याच्या दाव्यात ते आपोआप धरलं जाईल असं समजू नका. सर्व्हेअर येईल तेव्हाच अंदाजपत्रकात कॅलिब्रेशनची वेगळी ओळ लिहून घ्या.

“दादा, हे कायमचंच बंद करून द्या” असं सांगणाऱ्यांना मी नाही म्हणतो. हीच यंत्रणा उसाच्या ट्रॉलीच्या आधी ओरडली होती.

गाडी सेंटरला देताना ती वही सोबत द्या. ‘कधीकधी वाजतं’ एवढंच सांगितलं तर तिथला माणूस एक फेरी मारतो, वाजत नाही, आणि गाडी तशीच परत येते. किलोमीटरचा आकडा, लेन, वेग, पाऊस आणि गाडीत किती माणसं होती हे लिहिलेलं असेल तर त्याला शोधायला दिशा मिळते. गाडी परत मिळाली की त्याच जागांवरून, तितक्याच वेगात, दिवसा एक फेरी मारा. बाकी सगळीकडे शांत आणि फक्त कामशेतच्या बोगद्यात एकदा वाजलं, तर गाडी दुरुस्त झाली असं मी धरतो.